सायमाने उठवलेली गाडी

आमच्याकडे ऑक्टोबर लागला की गाड्या निजवतात. रोजचे पिकअप ट्रक नव्हेत, ट्रकांच्या नशिबी कुठली झोप. निजवायच्या त्या उन्हाळी गाड्या: बसक्या, चकचकीत, मागच्या चाकांवर पळणाऱ्या, कुणी तरुणपणाची हौस म्हणून तर कुणी म्हातारपणाचं खूळ म्हणून घेतलेल्या. टाकी गच्च भरायची, बॅटरी काढून तळघरात ठेवायची, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या नळीत बोळा कोंबायचा, वर चादर घालायची आणि मेपर्यंत विसरून जायचं. "निजली का तुझी?" असं लोक एकमेकांना विचारतात. ज्याची निजली नसेल त्याच्याकडे भर दुपारी झिंगलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

मी जॅक ट्रेवारो. अॅग्नेस हार्बर गावात बोटींच्या धक्क्यासमोर माझं टायरचं गॅरेज आहे, आणि "निजव रे बाबा" हे मी जन्मभर लोकांना सांगत आलोय. सुपिरियर सरोवरावरून बर्फ येतो तेव्हा तो पडत नाही, अंगावर येतो. मागच्या चाकांची हलकी गाडी त्यात घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हे माझं मत होतं आणि ते मी फुकट वाटत असे. सायमा पेल्कोलाने ते घेतलं नाही.

सायमाने तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. गावातल्या निम्म्या लोकांना तिने कधी ना कधी खाली उतरवून "आता घरापर्यंत चालत जा, म्हणजे तोंड बंद राहील" असं सुनावलेलं आहे. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला झुलती खुर्ची दिली. तिने ती शेजारणीला देऊन टाकली, खाली डेट्रॉइटकडे गेली आणि लाल रंगाची दोन सीटांची गाडी घेऊन आली. छप्पर माझ्या कमरेला लागेल इतकी बुटकी. तिचा नवरा विल्हो म्हणाला, "यात माझे पाय कुठे ठेवायचे?" सायमा म्हणाली, "तुला कुणी बोलावलंय?" पुढच्या रविवारी शेजारच्या सीटवर सगळ्यांत आधी जाऊन बसला तो विल्होच. तो वारल्यावर ती किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या घरात एकटी राहू लागली. गावापासून अर्ध्या तासावर, मध्ये मिशन टेकडीचा चढ, आणि हिवाळ्यात बर्फ साफ करणारा नांगर तिथे सगळ्यांत शेवटी पोचणार.

तो नांगर चालवतो तिचाच मुलगा, रँडी. काउंटीच्या नोकरीत त्याचा जन्म गेला. कुणाची गाडी रस्त्याकडेच्या कुठल्या चरात गेली आणि आतला माणूस किती गारठलेला निघाला हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे भीती त्याच्या हाडात मुरलेली. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण भ्यालेला माणूस सरळ बोलायचं सोडून डाव खेळतो, आणि रँडीने तेच केलं. सायमा हिवाळ्यात जो जुना ट्रक वापरायची, त्याचे कागद विल्होने जाण्याआधी रँडीच्या नावावर केले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रँडी आला, "ब्रेक बघून आणतो" म्हणाला आणि ट्रक घेऊन गेला.

शेडमध्ये चादरीखाली लाल गाडी होती. तिची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती. रँडीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ही चूक आमच्याकडच्याच माणसाकडून व्हावी अशी होती: नोव्हेंबरात त्याला निजलेली गाडी गाडी वाटलीच नाही.

पुढच्या रविवारी ल्युथरन चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी चालली होती. मी मेथडिस्ट, पण कॉफी त्यांची चांगली असते आणि वेलदोड्याचा पावही, म्हणून जातो. सायमाला त्या दिवशी शेजाऱ्यांनी आणलं होतं. तिने रँडीला विचारलं, "माझा ट्रक कुठवर आला?"

"विकला," रँडी कपात बघत म्हणाला. "खालून गंजून चाळण झाली होती, आई. आणि हे बघ, सीडर हाउसमध्ये एक खोली रिकामी होतेय. नवीन वर्षापासून. जेवण, नर्स, सगळं तिथेच. मेमध्ये तुला परत घरी नेऊन सोडतो."

सीडर हाउस म्हणजे आमच्या गावातलं म्हाताऱ्यांचं घर. तिथून मेमध्ये परत गेलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

"म्हणजे गाडीसारखं," सायमा म्हणाली. "ऑक्टोबरात निजवायचं, मेमध्ये उठवायचं."

"आई, तसं नाही..."

"चादर तू आणणार का मी घेऊन येऊ? आणि बॅटरी काढून कुठे ठेवणार माझी?"

रँडीचे कान लाल झाले. "तुला घरी गाडीशिवाय राहता येणार नाही," तो म्हणाला.

"गाडी आहे माझ्याकडे."

"कुठली?"

"लाल."

कुणीतरी हसलं, मग दोघं-तिघं हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. त्या हसण्याने रँडीला जोर चढला. "त्या खेळण्यातून? ठीक आहे. नाताळच्या आत, बर्फ पडलेल्या रविवारी, त्या खेळण्यातून इथे येऊन दाखव. कुणी ओढायचं नाही, कुणी ढकलायचं नाही. आलीस तर खोलीला मी स्वतः नाही म्हणून कळवतो. नाही आलीस तर मुकाट्याने पेटी भरायची."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" सायमाने विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तिने पावाचा आणखी एक तुकडा घेतला आणि शांतपणे खाल्ला. मला मात्र तिची काळजी वाटली, कारण माझ्या मते ती त्याच क्षणी घर हरली होती.

सोमवारी गॅरेजसमोर लाल गाडी आली. रस्त्यावर जेमतेम पावडर लावल्याएवढा बर्फ होता, तरी ती खेकड्यासारखी तिरकी चालत होती. सायमा उतरली आणि दार लावलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी विचारलं.

"डोकं आहे. टायर नाहीत. ते तुझं काम."

"मी लावणार नाही. उद्या चरात गेलीस तर रँडी माझा गळा धरेल."

"तू नाही लावलेस तर मी हेच टायर घेऊन निघेन. मग त्याने कुणाचा गळा धरायचा ते तूच ठरव, ट्रेवारो."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशातली बाई. मी जॅक लावून गाडी उचलली. ती म्हणाली, मागच्या दोन चाकांना बर्फाचे टायर घाल म्हणजे झालं, विल्हो तसंच करायचा. मी म्हटलं, विल्हो भला माणूस होता पण टायरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मागची चाकं ढकलतील, पण वळायचं आणि थांबायचं पुढच्यांनी. चारही घालायचे. तेही मूळच्या टायरांपेक्षा अरुंद, कारण रुंद टायर बर्फावर तरंगतो आणि अरुंद टायर खाली रुतून जमीन धरतो. गाडीच्या पुढच्या बाजूला खाली, वारा कापायला, एक प्लास्टिकची पट्टी होती. बर्फात ती फावड्यासारखी सगळं गोळा करत बसली असती, म्हणून काढून टाकली. मिठाने गंजू नये म्हणून पोटाला तेल चोपडलं. दारांच्या रबराला व्हॅसलीन लावलं, नाहीतर दारं गोठून चिकटतात आणि माणूस स्वतःच्याच गाडीबाहेर उभा राहतो. हँडब्रेक ओढायचा नाही, तोही गोठतो. गिअरमध्ये ठेवून उतरायचं. ती सगळं ऐकून घेत होती. एवढी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा."

तिथे मात्र ती उसळली. "तुझ्या दोन्ही पोरींना मी वादळातून शाळेत नेलंय. मला क्लच शिकवू नकोस. बससुद्धा मागच्याच चाकांवर चालायची."

"बसमध्ये मागे पोरं बसलेली असायची, सायमा. त्यांचं वजन होतं. इथे मागे काय आहे? हवा."

ती विचारात पडली. "वजन पाहिजे होय," म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी आली ती मोठ्या तोऱ्यात. "बस," म्हणाली, "वजन घातलंय." गाडीचं बूड चांगलं खाली बसलं होतं. काय घातलंय ते मी विचारलं नाही. मी बाजूच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. सरळ रस्त्यावर गाडी अशी गुणी चालली की मी मनात म्हटलं, हिला जमतंय की. मग पोस्टाच्या पेट्यांपाशी वळण आलं. मागे गडगडाट झाला, गाडीच्या पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं, आणि सरोवर, झाडं, पेट्या, पुन्हा सरोवर असं दिसत आम्ही बर्फाच्या ढिगात शेपटीकडून घुसलो.

मी उतरून मागचं झाकण उघडलं. आत दगड. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीतले, वापरून तडकलेले, गोल गोल दगड. इथल्या प्रत्येक फिनिश घराच्या मागे त्यांचा ढीग असतो. तिने तो उचलून गाडीत भरला होता, आणि वळणावर ते सगळे एका बाजूला धावले होते.

"अगं, तुम्हा लोकांना दुनियेतल्या प्रत्येक दुखण्यावर सॉनाच कसा आठवतो?" मी ओरडलो.

"आणि तुम्हा लोकांना पेस्टी," ती म्हणाली. पेस्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, आमच्या खाणकामगार आजोबांनी इथे आणलेली. "पेस्टी भरल्या असत्या तर तू वाटेतच खाऊन टाकल्या असत्यास."

आम्ही दोघांनी फावड्याने गाडी मोकळी केली. ती ओणवी होऊन उपसत होती आणि तिला धाप लागली होती. मध्येच थांबून फावड्यावर टेकली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे. मी तर तेच म्हणायच्या बेतात होतो.

"माझा विल्हो घरातच वारला," ती म्हणाली. "अँब्युलन्स टेकडीवर अडकली होती. रँडी म्हणतो, गावात असता तर वाचला असता. वाचलाही असता कदाचित. पण तो गेला तेव्हा खिडकीतून सरोवर बघत होता आणि मला म्हणत होता, उद्या वारा पडेल. सीडर हाउसच्या खिडकीतून काय दिसतं माहितीये? सीडर हाउसची दुसरी भिंत." मग तिने पुन्हा फावडं घातलं. त्यानंतर मी तिला थांबवायचा विचार सोडून दिला, आणि खरं सांगतो, मलाही चेव आला.

दगड गेले, वाळू आली. कोरडी वाळू, कारण ओली गोठून धोंडा होते. पिशव्यांत भरून, पार मागे शेपटीला नव्हे तर बरोबर मागच्या चाकांच्या आसावर, लाकडाच्या चौकटीत पट्ट्यांनी आवळून. कुठे अडकलीच तर ऊब राहावी म्हणून ब्लँकेट आणि मेणबत्त्या, शिवाय फावडं. आणि एक उंच लवचीक काठी, टोकाला नारिंगी झेंडा. आमच्याकडे रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग माणसापेक्षा उंच होतात, चौकात येणारी गाडी दिसत नाही म्हणून लोक झेंडा लावतात. या गाडीला तर ट्रकपेक्षा दुप्पट उंच काठी लागली. सायमा म्हणाली, "माझ्या पोराच्याच नांगराखाली यायची हौस नाही मला." रोज ती गाडी बाहेर काढायची, गावाबाहेरच्या रिकाम्या मैदानात मुद्दाम घसरवायची आणि सावरायची. घसरणीला ती भीत नव्हती. तिला राग यायचा तो थांबून बघणाऱ्यांचा.

नाताळच्या आधीचा रविवार बर्फाचा निघाला. शुक्रवारी संध्याकाळी लागला तो शनिवारभर पडला आणि रविवारी सकाळी बारीक भुरभुर उरली. मी सायमाला फोन केला. "आज नको. एवढ्या बर्फात ती गाडी पोटावर तरंगेल."

"मी वेडी नाही. नांगर गेल्याशिवाय निघणार नाही," ती म्हणाली. "तोवर कॉफी पिते."

मला घरात बसवेना. ओढायचं नाही, ढकलायचं नाही अशी अट होती, पण नुसतं मागून यायला काय हरकत? मी माझा चारही चाकांवर चालणारा ट्रक काढला आणि तिच्या दिशेने निघालो. नांगर नुकताच गेला होता, रस्ता पांढरा आणि चकचकीत होता. मिशन टेकडीच्या उतारावर, वळणात, मी तेच केलं जे करू नका असं लोकांना सांगतो. ब्रेक मारला. चार चाकं ट्रकला निघायला मदत करतात, थांबायला नव्हे. मी नाकासकट चरात गेलो.

लागलं काही नाही. दारातून वर चढून रस्त्यावर आलो आणि शिव्या देत उभा राहिलो. फोनला तिथे रेंज नसते. थोड्या वेळाने खालच्या वळणावर, बर्फाच्या ढिगाच्या वरून, एक नारिंगी झेंडा सरकताना दिसला. मग लाल नाक दिसलं. चढावर गाडी एका चालीने येत होती, ना जोर, ना घाई, मागची चाकं थोडी थोडी चळत आणि परत सरळ होत. मी दोन्ही हात हलवले.

सायमाने मला पाहिलं, चरातला ट्रकही पाहिला. आमच्याकडे रस्त्यात सलाम करतात तसं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. आणि निघून गेली.

चढावर मागच्या चाकांची गाडी एकदा थांबली की पुन्हा निघत नाही. कुणासाठीही थांबायचं नाही, हे तिला मीच बजावलं होतं. तरी मी तिच्या मागे चार अस्सल शब्द ओरडलो. मग मला हसू आवरेना. त्या थंडीत, बुटांत बर्फ गेलेला, आणि मी एकटाच रस्त्यात उभा राहून हसत होतो.

पाऊण तासाने नांगर आला. रँडीने करकचून थांबवला आणि खिडकीतून जवळजवळ बाहेर आला. तोंड पांढरंफटक.

"जॅक, आई दिसली का? मी तिच्या घरापलीकडचा रस्ता साफ करून परत तिच्याकडे आलो. तिच्या दारात मी टाकलेला बर्फ उपसलेला आहे, चाकांचे माग बाहेर पडलेत, आणि गाडी कुठे नाही. मी दोन्ही बाजूंचे चर बघत आलोय. लाल काही दिसतंय का बघत होतो, आणि सापडलात तुम्ही."

"ती गेली पुढे."

"कधी?"

"मघाशीच. चढ चढून गेली."

"आणि तुम्हाला असंच सोडून?"

"थांबली नाही," मी म्हटलं.

रँडीने टोपी काढली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्याचे खांदे हलत होते. मी शेजारी चढून बसलो आणि बराच वेळ सरोवराकडे बघत राहिलो. पन्नाशीच्या माणसाला रडताना बघू नये.

चर्चच्या दारात लाल गाडी उभी होती. छपरावर बर्फाचा थर, चाकं सरळ. प्रार्थना संपली होती. तळघरात सायमा नेहमीच्या खुर्चीवर बसली होती, आणि त्या दिवशी हसलेले सगळे तिच्यासमोर पाव आणून ठेवत होते. ती कुणालाही नको म्हणत नव्हती.

रँडी बूट न झटकताच आत गेला. "सकाळपासून मनात म्हणत होतो, तू निघू नयेस," तो म्हणाला. "आणि तू दिसली नाहीस तेव्हा... मला वाटलं मीच तुला मारलं."

"बस," सायमा म्हणाली. "कॉफी घे. हात बघ कसे झालेत."

तो बसला नाही. तिथेच उभ्या उभ्या फोन काढला, सीडर हाउसला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, पेल्कोला नावाची खोली दुसऱ्या कुणाला द्या. मग फोन ठेवून म्हणाला, "झालं. हिवाळाभर राहा. पण आई, पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या? मला कधीतरी बोलावंच लागेल ना?"

सायमाने कप खाली ठेवला. त्याचा हात ओढून त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं, लहानपणी बसमध्ये बसवायची तसं.

"ज्या दिवशी मला जमणार नाही, त्या दिवशी मी तुला सांगेन," ती म्हणाली. "तू मला सांगायचं नाहीस."

रँडीने मान डोलावली. ती उठली, कोटाची बटणं लावली, कारण उजेड असेपर्यंत तिला घरी पोचायचं होतं. रँडी जिना चढून तिच्या मागे गेला आणि खिडकीतून आम्हाला दिसलं, त्याने आपल्या बाहीने तिच्या काचेवरचा बर्फ पुसला, बाजूला झाला आणि तिला जाऊ दिलं.